टाकव्यातून निघालेला कागद

खिशातलं मतदार ओळखपत्र घरीच ठेवा. ते १९९३ नंतरचं, आणि तुम्ही निघालात १९५२ च्या जानेवारीत. तिथे ओळख पटवायला तलाठी आहे, पाटील आहे आणि ‘ह्यो कुनाचा रं?’ म्हणत तुमच्या तीन पिढ्या बाहेर काढणारी म्हातारी मंडळी आहेत. मोबाइल काढा, मनगटावरचं घड्याळ काढा. धोतर, बंडी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मावळातली थंडी अंगावर घ्यायची तर एवढं लागतंच. वय मात्र एकवीसच्या पुढचं ठेवा. अठराव्या वर्षी मत ही १९८९ नंतरची गोष्ट.

वडगावला उतरा. मावळ तालुक्याची कचेरी इथे आहे. १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना इथेच तहावर सही करायला लावली, हे कचेरीतला शिपाई तुम्हाला न विचारता सांगेल. त्याचं ऐकत उभं राहायला आज सवड नाही, कारण आवारात बैलगाड्या भरताहेत. एरवी या गाड्यांत भाताची पोती असतात. आज पत्र्याच्या पेट्या आहेत.

एक पेटी हातात घेऊन बघा. वजनाला बेताची, वर कागद सरकेल एवढी फट, आणि कुलूप कुठे दिसतच नाही. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात गेल्या काही महिन्यांत अशा लाखो पेट्या तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर ठरलेल्या किमतीत बसेना, म्हणून कडी आतच बसवली. देशभरात मिळून अशा वीस लाखांहून जास्त पेट्या लागल्या आहेत. एवढ्या कशाला, असं वाटेल. पण या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आहे. लोकसभेला चार आणि विधानसभेला पाच जण उभे असतील तर एका केंद्रावर नऊ पेट्या मांडायच्या, आणि एखादी भरली तर दुसरी तयार ठेवायची. दिल्लीत बसलेले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन मुळात गणिताचे माणूस. मतदार सतरा कोटींहून जास्त, आणि देशातल्या १०० माणसांत ८० हून जास्त जणांना लिहिता-वाचता येत नाही. नाव वाचून शिक्का मारा असं त्यांना कोण सांगणार? म्हणून पेटीवर चित्र डकवायचं आणि चित्र ओळखून कागद आत सोडायचा. इतकं सोपं करण्यासाठी किती लोखंड वाकवावं लागलं, ते त्या गाड्यांकडे बघून कळतं.

टाकवे बुद्रुकची गाडी बघून बसा. चुकून टाकवे खुर्दच्या गाडीत बसलात तर मळवलीकडे जाल. प्रत्यक्षात केंद्रं कुठल्या गावांत पडली होती त्याची चिंता करू नका. आपण आपलं केंद्र टाकव्याच्या शाळेतच मांडू. वेळेच्या प्रवासात एवढी मुभा असते. तुमच्याबरोबर गाडीत केंद्राध्यक्ष आहेत, म्हणजे तळेगावचे एक मास्तर. मांडीवर सुतळीनं बांधलेलं पुडकं आहे आणि ते पुडकं ते क्षणभरही खाली ठेवत नाहीत. आत मतपत्रिका आहेत. एक रुपयाच्या नोटेएवढा कागद, छापलेला नाशिकच्या सरकारी छापखान्यात, जिथे देशाची टपाल तिकिटं छापतात. मास्तर पुन्हा पुन्हा बोटांनी पुडक्याची जाडी चाचपतात. एक जरी कमी भरली तर नोकरी जाईल असं त्यांना वडगावच्या शिबिरात कुणीतरी सांगून ठेवलंय.

रूळ ओलांडताना वर बघा. विजेच्या तारा आहेत. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन १९३० पासून विजेवर धावते आहे. इंद्रायणी ओलांडून आंदर मावळात शिरलात की तारा संपतात आणि कंदील सुरू होतात. गंमत अशी की वीज इथलीच. वर ठोकरवाडीला टाटांनी बांध घातला, १९२२ मध्ये तो पुरा झाला, आणि अडवलेलं पाणी घाटाखाली भिवपुरीला सोडून वीज केली ती मुंबईला गेली. तिच्यावर गिरण्या चालल्या, त्या गिरण्यांत मावळातली पोरं कामाला लागली, काही जण डबे वाहू लागले, आणि त्यांच्या घरी संध्याकाळी आया चिमणीची काच राखुंडीनं पुसत बसल्या. गाडीवान हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत नाही. ‘पानी खाली ग्येलं, उजेड म्हमईला ग्येला,’ एवढं म्हणतो आणि बैलाच्या पाठीवर कासरा आपटतो.

भाताची कापणी-झोडणी उरकलेली आहे. खाचरांत नुसते खुंट, काही वावरांत हरभरा, वाल. पेंढ्याच्या गंजी उभ्या आहेत. घरातल्या भातातला सरकारनं लेव्हीत किती नेला, याचा हिशेब प्रत्येक ओट्यावर चालू आहे. काँग्रेसवर राग कशाचा, असं उद्या कुणी विचारलं तर पहिलं उत्तर लेव्ही. दुसरं उत्तर जरा हळू आवाजात मिळेल: दारूबंदी. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य कोरडं आहे, आणि ते कोरडं करणाऱ्या गृहमंत्र्याचं नाव आंदर मावळातल्या पोरालाही पाठ आहे. मोरारजी देसाई. महसूल खातंही त्यांच्याकडेच. म्हणजे तुमच्या घागरीत काय आहे आणि तुमच्या सातबारावर काय आहे, दोन्ही बघणारा माणूस एकच. हे नाव लक्षात ठेवा.

रात्री शाळेत मुक्काम. मास्तर पेट्या भिंतीशी ओळीनं लावतात आणि दारात पोलीस आडवा होतो. गावातली दहा-बारा मंडळी ओट्यावर येऊन बसतात. पानाची चंची फिरते. प्रश्न सुरू होतात.

‘गुर्जी, दोन कागद कशापायी?’

‘एक लोकसभेचा. दिल्लीला जाणाऱ्यासाठी. एक विधानसभेचा. मुंबईला जाणाऱ्यासाठी.’

‘आन् लाटसायबाला मत कवा टाकायचं?’

सगळे हसतात, पण विचारणारा म्हातारा हसत नाही. त्याच्या लेखी राज्यावर बसतो तो लाट. गोऱ्यांचा होता, आता आपला आहे. मुंबईच्या राजभवनात सध्या राजा महाराज सिंह आहेत. मग जो बसतो त्यालाच मत का द्यायचं नाही? मास्तर सांगतात की राज्यपाल दिल्लीहून नेमून येतो, त्याला मत नसतं. म्हातारा मान हलवतो, पटल्याची नव्हे.

त्या म्हाताऱ्याला खुळा समजू नका. घटना समितीतल्या मोठमोठ्या वकिलांनीही आधी तेच म्हटलं होतं. जुलै १९४७ मध्ये समितीनं ठरवलं होतं की प्रांताचा राज्यपाल तिथल्या प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. पुढे दोन वर्षांत वारं फिरलं. फाळणी झाली, संस्थानं विलीन करताना दिल्लीची दमछाक झाली, आणि एका म्यानात दोन तलवारी नकोत हा विचार बळावला: लोकांनी थेट निवडलेला राज्यपाल एकीकडे, आमदारांच्या बळावर बसलेला मुख्यमंत्री दुसरीकडे, मग ऐकायचं कुणाचं? मे १९४९ च्या अखेरीस समितीनं आधीचा निर्णय मोडला आणि नेमणुकीचा राज्यपाल आला. तसं झालं नसतं तर उद्या सकाळी तुमच्या हातात तिसरा कागद पडला असता. मला विचाराल तर समितीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण म्हाताऱ्याचा प्रश्न त्यानं मिटला असंही नाही. राज्यावर कोण बसणार ते तुम्ही ठरवत नाही. ते कोण ठरवणार, एवढंच तुम्ही ठरवता.

अमेरिकेतल्या काही राज्यांत हा तिसरा कागद पहिल्यापासून होता. मॅसॅच्युसेट्सनं १७८० साली स्वतःची घटना केली आणि त्याच वर्षी गावोगावच्या सभांत गव्हर्नरसाठी मतं पडली. जॉन हॅनकॉक मोठ्या फरकानं निवडून आले. पण सभेत मत द्यायला उभा राहणारा पुरुषच असायचा, आणि त्याच्याकडे वर्षाला ३ पौंड उत्पन्नाची जमीन नाहीतर ६० पौंडांची मालमत्ता लागायची. न्यूयॉर्कनं १७७७ मध्ये त्याहून वरचा नियम केला. खालच्या सभागृहासाठी मत द्यायला २० पौंडांची जमीन पुरे, पण गव्हर्नरसाठी १०० पौंडांची. जितकी खुर्ची मोठी, तितकं मतदाराचं शेत मोठं. टाकव्याच्या ओट्यावर बसलेल्यांपैकी किती जण त्या हिशेबात बसले असते, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

तिकडचं कशाला, इथलंच बघा. ओट्यावर बसलेल्यांत दोघं-तिघं असे आहेत ज्यांनी १९३७ मध्ये मत दिलं होतं, आणि ते आज जरा खाकरून बोलताहेत. त्या निवडणुकीला १९३५ चा कायदा होता. खेड्यात मत कुणाला, तर वर्षाला निदान ८ रुपये शेतसारा बसेल एवढी जमीन असलेल्याला, किंवा ठरावीक भाड्याच्या घरात राहणाऱ्याला, किंवा शिक्षणाची ठरावीक पायरी चढलेल्याला. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार ३ कोटींच्या आसपास. आंदर मावळात या नियमाला आणखी एक पीळ बसला होता. ज्याची जमीन ठोकरवाडीच्या तलावाखाली गेली, त्याचा त्या जमिनीवरचा सारा गेला, आणि मताचा हिशेब तर साऱ्यावरच. पाणी त्याच्या खाचरात शिरलं तेव्हा ते मतदार यादीपर्यंत जाईल असं कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. उद्या मात्र सारा कुणी विचारणार नाही. वय आणि नाव, बस्स.

आता झोपा. शाळेची जमीन सारवलेली आहे आणि पहाटे नदीवरून धुकं येतं. घोंगडी दोनदा गुंडाळून घ्या.

सकाळी दार उघडायच्या आधीच ओट्याखाली गर्दी आहे. माऊ, फळण्याकडची माणसं अंधारात चालत आलीत. बायांची रांग वेगळी, गड्यांची वेगळी. शाळेपासून १०० यार्डांवर मास्तरांनी चुन्यानं रेघ मारली आहे. तिच्या आत प्रचार बंद. त्यामुळे सगळा प्रचार रेघेच्या एक वीत बाहेर उभा आहे. काँग्रेसवाल्याचं काम सोपं: ‘बैलजोडी इसरू नगा. घरचा बैल हाय आपल्या.’ काँग्रेसच्या निशाणीनं निम्मी निवडणूक आधीच मारली, असं तेव्हाचे विरोधक हात चोळत म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. शेतकऱ्याला सांगायचं तरी कसं, की बैलाला सोडून दुसऱ्या पेटीकडे जा? त्यावर एक तरणा गडी ओरडतो, ‘बैल आपला, पर दावं शेटजीच्या हातात!’ तो शेतकरी कामगार पक्षाचा असावा. काँग्रेसमधून फुटलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये हा पक्ष काढला तो इथून खाली, याच इंद्रायणीच्या काठी, आळंदीला. समाजवाद्यांची पेटी झाडाची, कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडीची, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची हत्तीची, जनसंघाची दिव्याची. राज्यभर भिंतींवर ही सगळी जत्रा रंगवलेली आहे.

चहा मिळेल, तोही गुळाचा. त्यापलीकडचं काही विचारू नका. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ मध्ये व्हर्जिनियाच्या सभागृहासाठी उभे राहिले तेव्हा त्यांच्या माणसांनी मतदारांना रम, वाइन, बिअर मिळून दीडशे गॅलनच्या आसपास पाजली, आणि मतदार चारशेसुद्धा नव्हते. टाकव्यात कुणी तसला बेत केला तर मोरारजींचे पोलीस आधी त्याच्या घरी पोचतील. आता ओढ्याकाठच्या भट्टीची गोष्ट निराळी, पण ती तुम्ही पाहिली नाही आणि मी लिहिली नाही.

रांगेत तुमच्या पुढे कातकरी जोडपं आहे. कोळशाच्या भट्ट्यांवर काम करणारी माणसं. गड्याच्या टाचांच्या भेगांत काळं कायमचं बसलेलं. जमीन त्याच्या बापाला नव्हती, आजाला नव्हती. त्याच्या मागे तुम्ही, तुमच्या मागे गावातलं एक बडं प्रस्थ. ते प्रस्थ दोनदा खाकरतं, पुढचा सरकेल या अपेक्षेनं. कातकरी सवयीनं बाजूला व्हायला लागतो. दारातला पोलीस, तोही इथलाच कुणीतरी, काठी आडवी धरतो: ‘रांग मोडायची न्हाई. गुर्जींचा हुकूम हाय.’ प्रस्थ मिशीवरून हात फिरवत आकाशाकडे बघायला लागतं. बाकी रांगेत कुणी काही बोलत नाही, पण पुढचा पाऊण तास प्रत्येक जण त्या दोघांकडे आळीपाळीनं बघतो आहे. यानं जात गेली का? नाही गेली, पाणवठे उद्याही वेगळेच आहेत, आणि महारवाड्यातली माणसं रांगेतही हातभर अंतर राखून उभी आहेत. इथून चार कोसांवर तळेगावला ज्यांचा बंगला आहे, त्या डॉ. आंबेडकरांनी घटनेत हे मत लिहून ठेवलं, आणि याच महिन्यात उत्तर मुंबईत ते स्वतः लोकसभेला पडले. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवलं.

बायांच्या रांगेत जरा गोंधळ उडालाय. मास्तर यादीतलं नाव मोठ्यानं वाचतात. कुणी पुढे येत नाही. पुन्हा वाचतात. समोर एक म्हातारी पदर नाकावर धरून शांतपणे उभी आहे, कुणा भलतीलाच हाक चाललीय अशा चेहऱ्यानं. शेवटी सून तिला कोपरानं ढोसते.

‘आत्याबाई, तुमालाच हाक मारत्यात.’

‘मला? माजं नाव कुनी सांगितलं त्यांना?’

गावात तिला थोरल्याची आई म्हणतात. स्वतःचं नाव चारचौघांत असं खणखणीत ऐकल्याला तिला किती वर्षं झाली असतील, तिचं तिलाच ठाऊक. पण ती नशीबवान. उत्तरेकडच्या राज्यांत लाखो बायकांनी यादी करणाऱ्याला नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहा म्हणाल्या. सुकुमार सेनांनी तसल्या नोंदी चालवून घेतल्या नाहीत. २८ लाखांच्या आसपास नावं यादीतून कटली. त्यावर बरीच ओरड झाली. सेन बधले नाहीत, आणि पुढच्या खेपेला बायकांनी नावं सांगितली.

तुमची पाळी आली. मास्तर नावावर रेघ ओढतात. शेजारी बसलेला कारकून तुमच्या डाव्या हाताची तर्जनी धरतो आणि काडीनं शाई लावतो. पुसू नका, उपयोग नाही. ती आठवडाभर तरी राहील अशीच बनवली आहे. मग कागद. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे त्यावर तुम्ही काहीही करायचं नाही. ना नाव, ना शिक्का, ना अंगठा. आयुष्यभर सरकारी कागदावर अंगठा उठवत आलेल्या माणसाला हे फार चमत्कारिक वाटतं. मागच्या गड्यानं तर विचारलंच: ‘आंगठा न्हाई? मंग माजं मत हाय हे त्यांस्नी कळंल कसं?’ मास्तर म्हणाले, ‘कळू नये म्हणूनच.’ गडी बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिला.

पडद्याआड जा. हा पडदा म्हणजे कुणाच्या तरी घरचं जुनं लुगडं दोरीवर टाकलेलं. आत बाकावर पेट्या ओळीनं. बैलजोडी ओळखू येते आहे. तिच्या शेजारी कोणती चित्रं आहेत आणि तुमचा हात कुठे थांबला, ते मी लिहीत नाही. मत गुप्त राहू द्या. इथे कुणीच नाही. मुंबईच्या चाळीत नाही, टाकव्याच्या घरात नाही, खळ्यावर नाही, माणूस दिवसातनं असा एकटा कधी नसतोच. बाहेर पाटील आहेत, सावकार आहे, भावकी आहे, आणि मध्ये फक्त एक लुगडं. कागदाची घडी घाला. फटीत टोक अडतं, जरा रेटा द्यावा लागतो. मग पत्र्यावर कागद पडल्याचा बारीक आवाज येतो. दुसरा कागद घ्या, दुसऱ्या पेट्यांकडे जा, पुन्हा तेच.

मास्तरांना एक धास्ती आहे आणि ती रास्त आहे. कागदावर खूण नाही, म्हणजे तो पेटीत न टाकता कनवटीला लावून बाहेर आणला तर? कुणी चार आण्याला विकत घेतला आणि शेवटी येणाऱ्या माणसाकडून दहा कागद एकदम एकाच पेटीत टाकून घेतले तर? असले प्रकार देशात झाले. याच कारणानं वेगळ्या पेट्यांची पद्धत दोन सार्वत्रिक निवडणुकांपुरतीच टिकली. १९६२ पर्यंत बहुतेक ठिकाणी एकच पेटी आणि कागदावर शिक्का आला. शिवाय पेट्या उघडल्यावर काय काय निघालं म्हणून सांगू! नाणी, अर्ज, उमेदवाराला घातलेल्या शिव्या, सिनेमातल्या नटांचे फोटो. सरकारनं पहिल्यांदाच कान पुढे केला होता. लोकांनी त्यात जे सुचेल ते घातलं.

संध्याकाळी मास्तर पेट्यांच्या फटी बंद करतात, कागदी सील लावतात, उमेदवारांच्या माणसांच्या सह्या घेतात. गाडी वडगावला परत निघते. मुंबई राज्यात निम्म्याच्या आसपास मतदार येऊन गेले. निकालात तुमचा कागद आता एक आकडा आहे. राज्य तरी केवढं: वर गुजरात, खाली धारवाड-विजापूरपर्यंत, मराठवाडा मात्र हैदराबादेत आणि विदर्भ मध्य प्रदेशात. विधानसभेच्या ३१५ जागा, त्यांतल्या २६९ काँग्रेसला. शेतकरी कामगार पक्षाला १४, समाजवाद्यांना ९. बैलजोडीनं खळं झाडून नेलं.

आणि तरीही त्या ढिगातून एक कण निसटला. वलसाड-चिखली मतदारसंघात समाजवादी पक्षाच्या अमूल देसाईंनी मोरारजी देसाईंना हरवलं. १९ मतांनी.

आता एप्रिलपर्यंत उडी मारा आणि मुंबई गाठा. रीगल सिनेमाजवळच्या जुन्या खलाशीगृहाच्या इमारतीत विधिमंडळ बसतं. पुढे हीच इमारत पोलिसांचं मुख्यालय झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्रिपदावरून बाजूला झालेत, लवकरच लंडनला उच्चायुक्त म्हणून जातील. काँग्रेसच्या आमदारांनी नेता निवडायचा आहे. टाकव्याच्या पेट्यांतून निघालेला आमदार, धारवाडचा, सुरतेचा, सगळ्यांनी मिळून जो माणूस निवडला तो या सभागृहाचा सदस्यच नाही. २१ एप्रिल १९५२ ला मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले. घटनेत सोय आहे: सदस्य नसलेला माणूस मंत्री होऊ शकतो, सहा महिन्यांत कुठून तरी निवडून यायचं. मद्रासेत तर त्याच महिन्यात राजगोपालाचारी निवडणुकीला उभेही न राहता, राज्यपालांनी वरिष्ठ सभागृहात नेमल्यावर मुख्यमंत्री झाले. कायद्याला धरूनच झालं सगळं. मोरारजींची कामाची हातोटी आणि सचोटी विरोधकही मान्य करत. पण टाकव्याच्या ओट्यावर गूळ-चहा पीत ‘लाटसायबाला मत कवा’ विचारणारा म्हातारा त्या दिवशी मुंबईत असता, तर त्याला उत्तर द्यायला मास्तर फार अडखळले असते.

म्हातारा नाही, पण त्याच्या गावची माणसं आहेत. चर्चगेट स्टेशनाबाहेर डबे उतरवून मावळातली चौघं-पाच जणं सावलीला टेकलीत. एक जण पेपर वाचून दाखवतो आहे, बाकीचे तंबाखू मळताहेत. वाचणारा १९ या आकड्यापाशी थांबतो.

‘येकुनीस म्हंजे किती रं? आपल्या आळीची तीन घरं!’

‘तीन घरांनी पाडला त्येला.’

‘आन् आपल्या आमदारानं हात वर करून बशिवला.’

‘मंग आमदाराला इचारू की. पाच वर्सांनी यील पुन्हा बैल घिऊन.’

ती पाच वर्षं १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भरली. पेट्या पुन्हा तशाच, चित्रांच्या. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला होता आणि मोरारजी मुख्यमंत्री असताना मुंबईत गोळीबार झाले होते. पश्चिम महाराष्ट्रात बैलजोडीची दाणादाण उडाली. पुण्यात लोकसभेला काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांसारखा माणूस संयुक्त महाराष्ट्र समितीच्या ना. ग. गोऱ्यांपुढे पडला. मोरारजीभाईंना मात्र तेव्हा कुणी काही विचारू शकलं नाही. मुख्यमंत्रिपद यशवंतराव चव्हाणांकडे सोपवून ते नोव्हेंबर १९५६ मध्येच दिल्लीला केंद्रीय मंत्री होऊन गेले होते.